पाय जमिनीला लावायचा नाही

२०२२ साली माझं वय एकाहत्तर होतं, आणि जळगावजवळच्या असोद्याच्या आमच्या केळीत मी रोज अनवाणी फिरत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे डॉक्टरांपासून सुनेपर्यंत ज्याने त्याने मला तेच विचारलं, आबा, चप्पल का नाही घातली. ठिबक आलं तरी केळीखालची जमीन ओलीच असते. चिखलात चप्पल रुतते, तिचा अंगठा तुटतो, माणूस तोंडावर पडतो. माझा बाप अनवाणी राबला, मीही राबलो. काटा लागला की कळायचं, बसायचं, काढायचा, उठायचं. पुढे काटा लागला तरी कळेनासं झालं, आणि कळेनासं झालंय हेच मला कळलं नाही.

साखर होती. गोळ्या होत्या. बरं वाटलं की मी त्या सोडायचो. बरं वाटत असताना औषध खाणं मला रिकामपणाचं वाटायचं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, आपल्या मंडळीत साखरेची माणसं घरोघर आहेत, तुम्ही लिहा. मी म्हटलं मला उपदेश जमत नाही. ते म्हणाले उपदेशाचं माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त झालं ते लिहा. म्हणून लिहितोय.

*

सगुणा, माझी बायको, सकाळी ओटा पुसत होती. पुसता पुसता थांबली. उंबऱ्यापासून माझ्या खाटेपर्यंत तपकिरी डाग गेले होते. मी म्हटलं केळीचा चीक असेल. तिने फडकं ओलं करून एक डाग घासला. तो निघाला. चिकाचा डाग घासून निघत नाही हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"पाय दाखवा तुमचा," ती म्हणाली.

तळव्याला, करंगळीच्या खाली, बोट जाईल असं भोक होतं. आत केळीच्या वाळल्या पानाचा तुकडा अडकला होता. किती दिवस होता देव जाणे. मला दुखत नव्हतं, म्हणून मी म्हटलं हळद भरून टाक. सगुणाने हळद आणली नाही. तिने विजयला, माझ्या मुलाला, गाडी काढायला लावली.

जळगावच्या डॉक्टरने टाचणी घेतली आणि विचारलं, कळतं का. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. हात खाली गेला की म्हणायचो, कळतं. इथे? कळतं. इथे? कळतं. मग त्याने नर्सला माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकायला सांगितला. परत विचारलं. मी अंदाजाने म्हणत गेलो, कळतं, कळतं. टॉवेल काढला तर डॉक्टर माझ्यापासून लांब टेबलापाशी उभा होता आणि विजय भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

आयुष्यात मला एवढं कोणी उघडं पाडलं नव्हतं. पायाचं भय नंतर आलं. आधी मला त्या टॉवेलाचा राग आला.

*

माझी मुलगी सुवार्ता धुळ्याला देवपुरात राहते. जावई तिकडेच शिकवतात. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर पायाचंच काम करतात, म्हणून मला धुळ्याला नेलं. दोन बोटं काढली आणि सडलेलं मांस खरवडून काढलं. डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलायचा माझ्यासारखाच, आडपडदा न ठेवता.

"आबा, हा पाय जमिनीला लावायचा नाही. संडासला जातानाही नाही. जखम आतून भरून येईपर्यंत पडून राहायचं. पाय टेकवलात तर मी पुढच्या वेळी बोटं काढणार नाही, पाय काढीन."

मला फाशीची तारीख सांगितली असती तर मी मान वर करून ऐकली असती. पडून राहा म्हणाला तेव्हा मात्र घाम फुटला. मी रविवारी उपासनेला जायचो, पण उपासना झाली की सरळ मळ्यात. पाण्याच्या मोटारीची लाईट रविवार बघून येत नाही. विश्रांतीचा दिवस हे आमच्याकडे चर्चमध्ये वाचायचं वाक्य होतं, करायचं काम नव्हतं.

सुवार्ताच्या घराच्या मागच्या पडवीत माझी खाट टाकली, सगुणाही माझ्यासोबत तिथेच राहिली. पायाखाली दोन उशा. बाजूला भोक पाडलेली खुर्ची आणि खाली डबा. जावई मला बगलेत धरून त्या खुर्चीवर बसवायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. ज्या माणसाला मी लग्नात पाय धुवायला पाणी दिलं नाही, आपल्यात हे चालत नाही म्हणून, तो माणूस माझा डबा उचलायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

विजयचा रोज फोन यायचा. मी ओरडायचो, केळीची पिलं काढली का, खत टाकलं का, पाणी कोणी बघितलं. एक दिवस तो म्हणाला, आबा, मळा ठीक आहे, तुम्ही नसल्याने काही अडत नाही. त्याने मला धीर द्यायला म्हटलं असेल. मी फोन सगुणाच्या हातात दिला आणि भिंतीकडे वळलो.

प्रार्थना येत नव्हती. लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही. लहानपणापासून पाठ असलेले शब्द तोंडात यायचे आणि वाळल्या भाकरीसारखे तिथेच फिरत राहायचे. सगुणा संध्याकाळी डोळे मिटून माझ्यासाठी मोठ्याने मागायची. मी डोळे उघडे ठेवायचो. मनात एकच यायचं, की ज्याने पाय दिला त्याने तो दुखायचा का थांबवला. दुखू दिलं असतं तर मी वाचलो असतो.

*

पट्टी बदलायला एस्तेरबाई यायच्या. सुवार्ताच्या शेजारी राहतात, नर्स होत्या, आता निवृत्त. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्याच असतील. अख्खं आयुष्य धुळ्यात गेलेलं, बोलणं अहिराणी. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, बाई, रिकामं पडून माणूस मरतो. त्यांनी कात्रीने पट्टी कापता कापता माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

"देवबाप सुद्धा एक रोज बसना, भाऊ. तुम्ही त्यानापेक्षा मोठा शेतस का?"

सगुणा बऱ्याच दिवसांनी हसली. मी हसलो नाही.

मी त्यांना प्रार्थना येत नसल्याचंही सांगून टाकलं. वाटलं, रागावतील, पाळकांना बोलावतील. त्या म्हणाल्या, येत नसेल तर करू नका, ओढून आणलेली प्रार्थना त्यालाही ऐकवत नसेल. त्याच्याऐवजी रोज पडल्या पडल्या एक गोष्ट नीट बघा, त्याने केलेली, माणसाने केलेली नाही. संध्याकाळी मी आले की ती मला सांगा. कालची चालणार नाही. नवी पाहिजे.

मला वाटलं, संडे स्कूलचं पोर समजते की काय मला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, आज काय देखं? मी म्हटलं, कावळा. कावळा काय करत होता? मला माहीत नव्हतं. मग तुम्ही बघितलाच नाही, त्या म्हणाल्या, आणि पट्टी बांधून निघून गेल्या.

मला हरवलेलं चालत नाही. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून बघायला बसलो, म्हणजे पडलो. पडवीच्या जाळीच्या चौकटीत एक कुंभारमाशी मातीचं घर करत होती. आमच्या मोटारीच्या खोलीत असली घरं ढिगाने असतात, मी काडीने खरवडून टाकत आलो. आता खरवडायला हात पोचत नव्हता. ती ज्वारीच्या दाण्याएवढा चिखलाचा गोळा आणायची, कडेवर ठेवायची, तोंडाने पसरायची, गुणगुणायची. मडकं वर येत गेलं, वर त्याला तोंड आलं. मग ती हिरव्या अळ्या आणून आत कोंबायला लागली. ती शेवटची अळी आत ढकलून तोंड लिंपत होती तेव्हा सुवार्ताने हाक मारली, आबा, जेवण गार झालं. तोवर मला पाय आठवला नव्हता. एवढंच. याला जे नाव द्यायचं ते ज्याने त्याने द्यावं.

एस्तेरबाईंना सगळं सांगितलं. त्या खूश झाल्या. त्यांनीच सांगितलं, ती अळी मेलेली नसते, भाऊ, तिला माशी डंख करते, ती जिवंत असते पण हलत नाही.

रात्रभर ते डोक्यात राहिलं असेल, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आज नवं काही बघितलं नाही. काल तुम्हाला वाटलं मी माशी बघितली. मी अळी आहे.

पट्टी झाल्यावर त्या रोजच्यापेक्षा जास्त वेळ खुर्चीवर बसून राहिल्या. आजारी माणसाकडे जाणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. उत्तर नसलं तर असंच बसून राहा.

तरी मी बघणं सोडलं नाही. शेवग्याची फुलं झाडताना खार आधी वर जायची का खाली, पांझरा नदीकडून परतणारे बगळे कोणत्या बाजूने वळायचे, हे मला पाठ झालं. देव दिसला असं मी म्हणणार नाही. दिवस गेले. आणि जखम भरायला लागली.

*

दिवाळीनंतर डॉक्टरांनी जखमेत बघितलं आणि पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. आतून लाल मांस आलं होतं, वर पातळ कातडी धरत होती. त्यांनी जाड तळाची, पट्ट्यांची सँडल करून दिली. काठी घेऊन घरातल्या घरात थोडं चाला, पण सँडलशिवाय पाऊल नाही. मी हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात जळगावला आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेतकरी आपल्या पिकातलं पहिलं आणतात, वेदीपुढे ठेवतात, नंतर त्याचा लिलाव होतो. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून आमच्या घरचा केळीचा घड जातो. तो घरच्या कर्त्या पुरुषाने खांद्यावर घ्यायचा आणि दारापासून वेदीपर्यंत न्यायचा. आमच्याकडे चर्चच्या दारात वहाणा काढतात. सतरंजीवर वहाण घालून कोणी जात नाही, साहेबलोक आले तरी काढतात.

मी हट्ट करून सणासाठी असोद्याला आलो. विजयने सुरेख घड निवडला होता, वरपासून खालपर्यंत भरलेला. गाडीत तो म्हणाला, आबा, घड मी नेतो, तुम्ही काठी घेऊन बाजूने चला, हात लावा म्हणजे झालं. दारात पाळकसाहेब स्वतः आले आणि म्हणाले, आबा, सँडल राहू द्या, देव काही बोलणार नाही. लोक बघत होते. पडवीत डब्यावर बसून काढलेले महिने माझ्या अंगावर होते. मी वाकलो, पट्ट्या सोडल्या, सँडल दारात ठेवली आणि विजयला म्हटलं, उचलून दे.

घड खांद्यावर आला. गाणं सुरू होतं. मी सरळ चाललो. कोणाला धरलं नाही. वेदीपुढे घड ठेवला आणि गुडघे टेकले, आणि बऱ्याच महिन्यांनी माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, झालो बरा.

परत फिरलो तेव्हा सुनेने तोंडावर हात धरला होता. सतरंजीवर दारापासून वेदीपर्यंत एक सोडून एक, एकाच पायाचे, ओले लाल ठसे होते. मला काहीच लागलं नव्हतं. मला काहीच लागत नाही, हाच तर आजार.

सगुणा जवळ आली नाही. ती मागे बायकांत बसली होती ती तिथूनच बघत राहिली. घरी जाताना गाडीत एकच बोलली.

"देवाले घड पाहिजे व्हता. तुमचा पाय कोनी मांगला व्हता?"

*

ताप आला, पाय पोटरीपर्यंत काळानिळा झाला. परत धुळे, या वेळी दवाखान्यातच. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी पायावर गुडघ्याच्या खाली पेनाने रेघ मारली आणि विजयला म्हणाले, इथून काढला तर माणूस राहील. थांबलात तर रेघ वर जाईल, आणि मग रेघ मारायला जागा राहणार नाही.

मी नाही म्हटलं.

विजयने समजावलं, जावयांनी समजावलं, सुवार्ता रडली. मी म्हटलं, पाय घेऊन मरीन, लुळा होऊन जगणार नाही. मळ्यात मला कोण उचलून नेणार? चर्चमध्ये दोन्हीकडून धरून आणणार आणि लोक जागा करून देणार, बिचारा म्हणणार. त्यापेक्षा पुरा. विजयचा आवाज चढला. तो म्हणाला, तुम्ही मेल्यावर लोक म्हणतील ताठ मेला, आणि आईला आम्ही काय सांगायचं? मी म्हटलं, तिला माहीत आहे मी कसा आहे. सगुणा तिथेच होती. गाडीतल्या त्या वाक्यानंतर ती माझ्याशी बोलतच नव्हती. माझं सगळं करायची, पण मुक्याने.

तसे दिवस वैऱ्यालाही येऊ नयेत. ताप चढला की वाटायचं मरण सोपं आहे. उतरला की भीती वाटायची, अगदी साधी, जनावरासारखी. देवाला म्हटलं, एकदाच आलास, वेदीपुढे, आणि तेव्हा माझा पाय फाटत होता. तुला सांगता आलं नाही? त्यानेही सगुणासारखंच केलं. काही बोलला नाही.

एस्तेरबाई भर दुपारी रिक्षाने आल्या. पाय बघितला, चादर परत टाकली. मला वाटलं आता ह्याही समजावणार. त्यांनी रोजचंच विचारलं.

"आज काय देखं, भाऊ?"

"काही नाही. इथे बघायला काही नाही."

खरंच नव्हतं. खिडकी उंच, तिला दुधी काच. त्या मान हलवून उठल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर सवयीने मी बघायला काही शोधलं. वर पंखा, समोर सलाईन, माणसाने केलेलं सगळं. मग मान खाली वळवली. खाटेखाली, फरशीवर, चटईवर सगुणा झोपली होती. दिवसाढवळ्या झोपणारी बाई नाही ती. लुगडं घोट्याच्या वर सरकलं होतं.

मी तिचे पाय बघितले. सुजून पावासारखे झाले होते, चपलेच्या पट्ट्यांचे वळ खोल उमटले होते. टाचेच्या भेगांत दवाखान्याचा काळा मळ गेला होता. एका अंगठ्याचं नख मुळापासून निळं, कशावर तरी आपटलं असणार, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. बोटांच्या बेचक्यांत पाण्याने चिघळलेलं. झोपेतही डावा पाय मधूनच उडत होता, उभा राहून थकलेल्या बैलाचा उडतो तसा. एवढे महिने माझा पाय दोन उशांवर होता. हे पाय एक दिवस वर गेले नव्हते.

किती वेळ बघत होतो सांगता येत नाही. ती जागी झाली, मी बघतोय हे तिला दिसलं, आणि तिने पटकन लुगडं खाली ओढलं.

मी म्हटलं, विजयला बोलव. कागद आणू दे.

मला शांती मिळाली नव्हती. पाळकसाहेब विचारतात तेव्हाही मी हेच सांगतो, शांती वगैरे नाही. विजयने कागद आणला, मी सही केली. मी विजयला विचारलं, काढलेला पाय कुठे नेतात. तो माझ्या चादरीची घडी सारखी करत राहिला. मी म्हटलं, आपल्या कबरस्थानात बापाच्या शेजारी पुरता येईल का, शेवटच्या दिवशी कबरीतून उठायचं झालं तर शोधाशोध नको. तो बाहेर निघून गेला. मी थट्टा करत नव्हतो.

आत नेताना सगुणा दारापर्यंत आली. तिने फक्त माझा तो पाय, रेघेच्या खालचा, दोन्ही हातांनी धरला. मला कळलं नाही, मी बघितलं म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध नीट आली तेव्हा तहान लागली होती आणि नसलेल्या बोटांना खाज सुटली होती. पट्टी बदलायला नर्स आली. तिने चादर धरून म्हटलं, आबा, तुम्ही तिकडे बघा. मी म्हटलं, नाही, मी इकडेच बघणार. बघितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं, आणि मोठ्याने रडलो, नर्ससमोर, विजयसमोर, शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसासमोर. सगुणा उभीच होती, पदर तोंडात धरून. नर्स गेली. चादर गुडघ्याखाली एकदम सपाट पडली होती. तिथे खाटेवर हातभर मोकळी जागा झाली होती.

मी त्या जागेवर हाताने थोपटलं आणि सगुणाला म्हटलं, बस इथे, पाय वर घे.

ती नाही म्हणाली, लोक बघतात म्हणाली. मी परत थोपटलं. मग ती बसली, आणि पाय वर घेतले.